वाकडा कीबोर्ड, सरळ मनगट आणि खारा वारा

प्रश्न थोडक्यात असा: वेंगुर्ल्यात समुद्रापासून दोनशे पावलांवर घर. घरूनच मराठी भाषांतर आणि मुद्रितशोधन, दिवसाला सात-आठ तास टायपिंग. वर्षभरापासून करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात, संध्याकाळी मनगट दुखते. टेबल सासऱ्यांच्या वेळचे सागवानी, ३१ इंच उंच. बिनतारी अर्गोनॉमिक, म्हणजे हाताच्या ठेवणीप्रमाणे वाकडा केलेला, कीबोर्ड घ्यावा का, या हवेत तो टिकेल का, आणि रोजच्या कामाला लावून वर्षानुवर्षे चालेल का?

मी दापोली तालुक्यात किनाऱ्यावरच्या एका वाडीत राहते. टायपिंगच्या क्लासात खटखट्या मशिनवर मराठीच्या मिनिटाला ३० आणि मग ४० शब्दांच्या परीक्षा दिल्या, काही वर्षे कोर्टाबाहेर बसून वकिलांचे दावे आणि कैफियती टाइप केल्या, मग डीटीपी, आणि आता बरीच वर्षे घरूनच भाषांतर आणि अक्षरजुळणी. या काळात बिनतारी अर्गोनॉमिक कीबोर्ड तीन झाले. पहिला दोन वर्षांत गेला, दुसरा साडेतीन वर्षे चालला, तिसऱ्याचा हा पाचवा पावसाळा. पुढचे सगळे या तिघांनी शिकवलेले आहे.

तुमच्या प्रश्नात मी अडखळले ती करंगळीपाशी. मनगटात बोगद्यासारखी एक अरुंद जागा असते आणि तिच्यातून मीडियन नर्व्ह जाते. ती दबली की अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू बधिरते. त्यालाच कार्पल टनेल म्हणतात, आणि टायपिंग करणाऱ्या कुणाचेही बोट दुखले की सगळे हेच नाव घेतात. पण करंगळी आणि अनामिकेची उरलेली बाजू दुसऱ्याच शिरेकडे असते. ती अल्नर नर्व्ह. ती कोपराच्या आतल्या अंगाने अगदी हाडाला चिकटून जाते. दाराला कोपर आपटले की करंगळीपर्यंत जो झणझणीत करंट जातो, तो हिचाच. म्हणजे तुमचे दुखणे मनगटापेक्षा कोपरात असण्याची शक्यता मला जास्त वाटते. ३१ इंचांच्या टेबलावर टाइप करायचे तर खांदे वर चढतात, ते दमले की माणूस नकळत कोपरे टेबलाच्या कडेवर टेकवतो, आणि जुन्या सागवानाची कड काही गोल नसते. त्यात फोन कानाला लावून तासभर बोलणे आणि रात्री हात दुमडून उशाखाली घेऊन झोपणे. कोपर बराच वेळ दुमडलेले राहिले की ही शीर ताणली जाते.

तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवा. शिरेतून संदेश किती वेगाने जातो हे मोजायची तपासणी असते, तिच्यातून बहुतेक वेळा कळते की शीर मनगटात अडली आहे की कोपरात. विळीवर नारळ खवताना पकड सुटू लागली किंवा तळहातावरचा करंगळीखालचा उंचवटा बसल्यासारखा दिसू लागला, तर कीबोर्डाची चौकशी बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात जा. कोणताही कीबोर्ड हे औषध नव्हे. मी हे आधी सांगते, कारण माझ्या जावेने माझे बघून महागडा कीबोर्ड घेतला आणि तिचे दुखणे निघाले मानेतले.

आता टेबल. माझी उंची पाच फूट दोन इंच. पाय जमिनीवर टेकवून बसले की माझे कोपर जमिनीपासून साधारण २५ इंचांवर येते. हात जिथे आपोआप येतात, बोटे त्याच उंचीवर किंवा किंचित खाली हवीत. तुमचे टेबल ३१ इंच, त्यावर कीबोर्डाची जाडी, आणि वाकडे कीबोर्ड मधून फुगलेले असल्यामुळे सरळ कीबोर्डापेक्षा जाड. म्हणजे आहे त्या टेबलावर तो ठेवलात तर त्रास वाढेल. टेबलाचे पाय कापायला मी सांगणार नाही. सासऱ्यांचे टेबल आहे, घरात महाभारत होईल. खुर्ची पाच-सहा इंच वर घ्या आणि लोंबणाऱ्या पायांखाली जेवणाचे पाट ठेवा, एकावर एक. आमच्याकडे पंगतीचे पाट वर्षातून चार दिवस वापरात येतात, बाकीचे दिवस ते माझ्या पायांखाली असतात. दुसरा उपाय सुताराकडून टेबलाखाली सरकती फळी बसवून घेण्याचा. पण फळी आधी आणि कीबोर्ड नंतर असे करू नका. नंबरपॅडसकट येणारा वाकडा कीबोर्ड दीड फूट रुंद असतो, बाजारात तयार मिळणाऱ्या कित्येक फळ्यांवर तो मावत नाही. पुठ्ठ्याचा त्याच मापाचा तुकडा कापा, आठवडाभर तिथे ठेवून बघा, मग सुताराला बोलवा.

एक गोष्ट आजच करा, फुकट आहे. सध्याच्या कीबोर्डाचे मागचे पाय उघडले असतील तर मिटा. त्या पायांमुळे कीबोर्ड तुमच्याकडे तिरका होतो, डोळ्यांना बरे दिसते, आणि पंजा मनगटातून वर उचललेला राहतो. सात तास तसा राहिला की संध्याकाळी जे दुखते ते हेच. आणि टेबलाच्या कडेवर पंच्याची घडी घाला.

वाकड्या कीबोर्डाचे काम एवढेच की हाताचे तीन पीळ सोडवायचे. सरळ कीबोर्डावर दोन्ही पंजे करंगळीच्या दिशेने वळतात, तळहात पूर्ण पालथे राहतात आणि मनगट मागे मोडलेले असते. मधून दुभागून दोन्ही बाजू तिरक्या केल्या की पहिला पीळ जातो, मधला भाग उंच केला की दुसरा सैल होतो, आणि पाय मागच्याऐवजी तुमच्या बाजूला असले की तिसरा. मायक्रोसॉफ्टचा नॅचरल कीबोर्ड १९९४ साली आला तेव्हापासून बाजारातले बहुतेक सगळे याच कल्पनेवर चालले आहेत. आजच्यांपैकी लॉजिटेकचा एर्गो के८६० उदाहरणादाखल घ्या: एकसंध, मधून उंच, तळहाताचा टेकू जोडलेला, पाय टेकूच्या खाली, म्हणजे उतार उलटा देता येतो. दुसरी जात पूर्ण तुटलेल्या दोन भागांची. दोन तुकडे, खांद्यांच्या रुंदीवर हवे तसे ठेवायचे.

जुन्या मशिनचे एक मात्र मला आजही पटते. गोदरेजच्या मशिनवर बोटे आजच्यापेक्षा कितीतरी जोरात मारावी लागत, तरी आमच्या क्लासातल्या बाई तीस वर्षे टाइप करून ठणठणीत होत्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी घंटा वाजायची आणि डावा हात उठून दांडी ओढायचा. पान संपले की कागद काढा, कार्बन लावा, नवा चढवा. हात सतत जागा बदलत असे. आता सकाळी नऊला ठेवलेले पंजे जेवायलाच उठतात. म्हणून मी फोनवर पंचवीस मिनिटांची घंटा लावते. वाजली की उठायचे, मागच्या दारी जाऊन यायचे. कीबोर्ड कितीही शहाणा असला तरी ही घंटा तो वाजवत नाही.

आता मराठीचे बघू, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. या कीबोर्डांबद्दल जे लिहिले-बोलले जाते ते बहुतेक इंग्रजी टाइप करणाऱ्यांचे. तुम्ही इन्स्क्रिप्ट वापरत असाल तर तुमचा हिशेब वेगळा. भारतीय लिपींसाठीची ही अक्षरमांडणी १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाणित केली. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतांश उजव्या हाताला. त्यामुळे दुभागलेला कीबोर्ड तिला मापून शिवल्यासारखा बसतो. "सुपारी" टाइप करून बघा: स उजवा, उकार डावा, प उजवा, काना डावा, र उजवा, वेलांटी डावी. झोपाळ्यासारखे. "काजू", "पोळी", तसेच. पण "नवीन" लिहा. न, व, वेलांटी, पुन्हा न, चारही अक्षरे डाव्या तर्जनीची. "विनवणी"तही जवळपास सगळा भार तिच्यावरच. कारण न, व आणि चारही इकार-उकार एकाच बोटाच्या वाट्याला आले आहेत.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, व हे अक्षर इंग्रजी बीच्या बटणावर आहे आणि दुभागलेल्या कीबोर्डावर ते बटण डाव्या तुकड्यात जाते. आयुष्यभर तुम्ही व उजव्या तर्जनीने मारत असाल, मीही मारत होते, तर पहिले दोन आठवडे तुमचे बोट मधल्या मोकळ्या जागेत पडत राहील. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. हल्ली हौशी मंडळींमध्ये बेचाळीस बटणांचे छोटे, दोन तुकड्यांचे बिनतारी कीबोर्ड फार लोकप्रिय आहेत. दिसतात देखणे, पिशवीत मावतात. इंग्रजीला पुरतात. पण त्यांच्यात अंकांची ओळ नसते आणि उजव्या टोकाची बटणे गाळलेली असतात, आणि आपला ड-ढ, ऑफिस-डॉक्टरमधला ॉ, कृपेतला ऋकार नेमके तिथेच असतात. क्ष, त्र, ज्ञ, श्र शिफ्ट दाबून अंकांच्या ओळीवर. म्हणजे "डॉक्टर" लिहायला पहिल्या दोन खुणांसाठी प्रत्येक वेळी अंगठ्याने आणखी एक बटण दाबून धरा. मी असा एक उसना आणून तीन आठवडे वापरला. हात छान राहिले, डोके दुखायला लागले. तुम्ही मुद्रितशोधन करता, सारखे बाण, होम, एंड, डिलीट लागणार. निदान अंकांची ओळ आणि उजवीकडची सगळी बटणे असलेलाच घ्या.

रोमन अक्षरांतून मराठी उमटवत असाल तर कीबोर्डावर पैसे घालण्याआधी इन्स्क्रिप्ट शिका. "समुद्रकिनारा" शब्दाला रोमनमधून पंधरा बटणे पडतात, इन्स्क्रिप्टमध्ये बारा. दिवसाकाठी हजारो शब्दांवर हा फरक बोटांना कळतो. आणि कळ दाबता दाबता हातातच कळ येऊ लागली असेल तर कळा कमी करणे हाच पहिला इलाज.

बाकी उजव्या करंगळीवर इन्स्क्रिप्टने अन्याय केलाच आहे. च, ज, ट, ड, य तिच्याकडे, शिवाय एंटर आणि बॅकस्पेस. मी माझ्या तुटक कीबोर्डावर बॅकस्पेस डाव्या अंगठ्याला दिला आणि एंटर उजव्या अंगठ्याला. स्पेसबार एवढा लांब असायची गरजच काय, हे मला तेव्हा कळले. ज्या कीबोर्डात बटणांची कामे बदलता येतात तो घेण्याचे माझ्या मते सर्वांत मोठे कारण हे.

बिनतारी असण्याचा फायदा कोकणात जरा वेगळ्या तऱ्हेने कळतो. आपण एका जागी बसत नाही. मे महिन्यात दुपारी पडवीत वारा असतो, पावसात पडवीत झड येते म्हणून माजघरात, संध्याकाळी डास येतात म्हणून आणखी आत. लॅपटॉप पुस्तकांच्या चवडीवर डोळ्यांच्या उंचीला आणि कीबोर्डाचे दोन तुकडे मांडीच्या दोन्ही बाजूंना, अशी मी झोपाळ्यावरही बसते. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की लॅपटॉपची पिन काढून ठेवायची आणि काम चालू. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरले आणि आमच्या तालुक्यातले विजेचे खांब आडवे झाले. आमच्या वाडीत तीन आठवडे वीज नव्हती. लॅपटॉप शेजारच्यांच्या जनरेटरवर दिवसातून एकदा भरून आणायचा, त्याच्या विजेचा थेंबही वाया जाऊ नये म्हणून यूएसबीला काही लावायचे नाही. तेव्हाच्या माझ्या कीबोर्डात दोन बारीक सेल होते, ते त्या सगळ्या दिवसांत बदलावे लागले नाहीत. ज्यांच्या कीबोर्डांना दिवे असतात त्यांचे असे होत नाही. दिवे हेच सेल खातात. तुम्हाला न बघता टाइप करता येते, दिवे नकोत.

तोटेही आहेत. थोडा वेळ हात थांबले की बिनतारी कीबोर्ड झोपी जातो आणि उठताना काही कीबोर्ड पहिले अक्षर गिळतात. परत लिहायला बसताना आधी शिफ्ट दाबायची सवय लावा, गिळू दे ती. दुसरे, छोट्या यूएसबी रिसीव्हरवर चालणारे कीबोर्ड २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात आणि निळ्या यूएसबी ३ जोडणीची विद्युत कुजबुज त्याच पट्ट्यात होते. इंटेलने हे २०१२ सालीच दाखवून दिले आहे. मला माहीत नव्हते. बॅकअपची हार्डडिस्क लावली की माझ्या मात्रा गळायच्या आणि मी चार दिवस स्वतःला दोष देत होते, वय झाले म्हणून. रिसीव्हर वीतभर यूएसबी वायरने त्या हार्डडिस्कपासून लांब नेला, संपले.

आता हवेकडे. पहिल्या पावसाळ्यात मला वाटायचे शत्रू म्हणजे पाणी. पाऊस पडतो, हवा दमट, तर कीबोर्ड वाळवत ठेवला की झाले. तांदळाच्या डब्यात ठेवून झाला, काही उपयोग नाही, उलट फटींत कणी शिरली. खरा शत्रू मीठ. खाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचा बारीक थर सगळ्यावर बसतो. खिडकीच्या गजांवर दिसतो, कीबोर्डाच्या आत दिसत नाही. आणि हवेतला दमटपणा सुमारे ७५ टक्क्यांवर गेला की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळू लागते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे तो आकडा बहुधा ओलांडलेलाच असतो. म्हणजे वरून पाण्याचा एक थेंब न पडता कीबोर्डाच्या आत खारट ओल धरते, ती वीज वाहून नेते आणि धातू खाते. तुम्ही कितीही वाळवा, मीठ तिथेच असते, रात्री पुन्हा पाणी पिते. म्हणून पुसणे हे वाळवण्यापेक्षा महत्त्वाचे.

दर शनिवारी मी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी घेते, सुती कापड ओले करून घट्ट पिळते, इतके की हाताला नुसता गारवा लागावा, आणि सगळा कीबोर्ड पुसते. नळाचे किंवा विहिरीचे पाणी नको, त्यातही क्षार असतात. मग कोरडे कापड. बटणांखाली साफ करायला मऊ ब्रश. दोन-तीन महिन्यांनी बटणांच्या टोप्या काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धातूचे भाग पुसायचे. गंज सोडवायचा म्हणून मिळणारा तेलकट फवारा मारू नका. दोन दिवस बरे वाटते, मग त्या तेलावर धूळ आणि मीठ दोन्ही बसतात.

इथेच आतली रचना महत्त्वाची ठरते. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बहुतेक कीबोर्डांत प्लास्टिकच्या पातळ पदरांवर चांदीच्या शाईच्या रेषा छापलेल्या असतात. त्यांना एकदा खार लागला की बटणांची अख्खी रांग मुकी होते आणि दुरुस्ती नाही. माझ्या दुसऱ्या कीबोर्डाचे असेच झाले, एका श्रावणात ओ, ए आणि अकार एकदम गेले. मेकॅनिकल प्रकारात प्रत्येक बटणाचा स्विच स्वतंत्र असतो, आणि ज्यांच्यात स्विच चिमट्याने उपटून दुसरा खोचता येतो ते आपल्या हवेला सर्वांत बरे. एखादे बटण दोनदोनदा उमटू लागले, "ककाजू", तर तेवढा स्विच बदलायचा. पाच पावसाळ्यांत मी सहा बदलले. त्यातले दोन हलन्ताचे, ते बटण मराठीत अखंड राबते. सुटे वीस स्विच एकदम मागवून ठेवले आहेत, कारण मधल्या पावसात कुरिअर कधी येईल याचा भरवसा नाही.

तळहाताच्या टेकूबद्दल दुकानदार एक सांगतील, मी दुसरे सांगते. नकली चामड्याचा टेकू दमट हवेत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सोलून निघतो, काळे पापुद्रे तळहाताला चिकटतात. विणलेल्या कापडाचा असेल तर पावसाळ्यात त्यावर पांढरी बुरशी धरते आणि वास येतो. टेकू कायमचा जोडलेला असेल तर धुताही येत नाही. सुटा निघणारा बघा. माझ्या कीबोर्डाचा टेकू मी फेकून दिला आणि सासूबाईंनी त्यांच्या जुन्या पातळांच्या वाकळीतून दोन छोट्या गाद्या शिवून दिल्या. दर आठवड्याला धुते. त्यावर तळहात टाइप करताना टेकवायचा नसतो बरे का, थांबल्यावर टेकवायचा. टेकवून टाइप केले की मनगटाचा सांधा कडेवर घासतो.

रात्री काम संपले की जून ते सप्टेंबर कीबोर्ड टेबलावर ठेवत नाही. दोन तुकड्यांचा असल्यामुळे तो घट्ट झाकणाच्या पापडाच्या डब्यात मावतो, सोबत सिलिका जेलच्या चार पुड्या. एकसंध कीबोर्ड घेतलात तर एवढा लांब डबा मिळणार नाही, मग तोंड नीट बंद होणारी जाड प्लास्टिकची पिशवी. सिलिकाचे खडे ओल पिऊन रंग बदलतात, मग जुन्या तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरायचे. तो तवा भाकरीला पुन्हा वापरू नका, निळ्या खड्यांत कोबाल्टचा क्षार असतो. डब्याचा आणखी एक फायदा मुंगळ्यांना विचारा. लाडू खात टाइप करण्याची माझी सवय अजून गेलेली नाही.

सेलांचे सांगायचे तर साधे अल्कलाइन सेल संपल्यावर आत तसेच राहिले की गळतात आणि पांढरी पूड धरते. एकदा माझ्याकडून महिनाभर राहून गेले. तो द्रव अल्कधर्मी असतो, म्हणून कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून स्प्रिंग पुसायची, मग अल्कोहोलने. शेजारच्या काकूंनी आंबटच हवे तर कोकमाचे आगळ घे म्हणून सुचवले होते. आगळात मीठ असते, सगळे मुसळ केरात गेले असते. तेव्हापासून मी पुन्हा भरता येणारे निकेल सेल वापरते, ते सहसा गळत नाहीत. मात्र त्यांचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असतो म्हणून कीबोर्डाचा बॅटरीचा आकडा पहिल्या दिवसापासून कमी दाखवतो, घाबरू नका. आत कायमची लिथियम बॅटरी असलेला कीबोर्ड घेतलात तर तो खिडकीतल्या उन्हात ठेवू नका आणि तिची बॅटरी बदलता येते का हे घेण्याआधी विचारा.

पहिला कीबोर्ड कसा गेला ते राहिलेच. तो स्वतः धडधाकट होता. त्याचा नखाएवढा रिसीव्हर हरवला, बहुधा झाडलोटीत गेला. कंपनीला पत्रे लिहिली, तर त्या कीबोर्डाशी तोच एक रिसीव्हर जोडलेला, दुसरा मिळत नाही. आठ हजारांची वस्तू माळ्यावर. तेव्हा जो घ्याल तो रिसीव्हरशिवाय ब्लूटूथवरही चालतो ना, आणि अडीनडीला वायरही लावता येते ना, हे बघाच. दोन्ही असेल तर उत्तम. पूर्ण तुटक प्रकारात एक बारकावा: संगणकाशी बोलणारा तुकडा एकच असतो, बहुधा डावा, त्याची बॅटरी दुसऱ्याच्या आधी संपते. व्यंजने उमटेनाशी झाली आणि मात्रा येत आहेत, तर बिघाड नाही, उजव्या तुकड्याला भूक लागली आहे. दोन्ही एकदम गप्प झाली तर डाव्याला.

तर तुमच्यासाठी मी काय निवडीन? आधी डॉक्टर आणि खुर्ची. त्यातून महिन्याभरात मुंग्या कमी झाल्या तर मोठा खर्च लगेच करू नका. मनगटाचे दुखणे उरलेच तर नंबरपॅड नसलेला घ्या. दीड फुटी कीबोर्डाच्या पलीकडे माउस गेला की उजवा खांदा दुखू लागतो. मी तर माउस डाव्या हातालाच दिला आहे, सहा दिवसांत जमले. पैसे पुरत असतील तर स्विच बदलता येणारा, दोन तुकड्यांचा, अंकांची ओळ असलेला. नाही पुरत तर एकसंध वाकडा, पण तो या हवेत तीन-चार वर्षांचा सोबती समजून.

आणि आत्ता, भर पावसात घेऊ नका. पहिल्या दोन आठवड्यांत तुमचा वेग निम्म्यावर येणार, चिडचिड होणार, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हळूहळू परत येणार. ते दिवस मुदतीच्या कामाचे नसावेत. वेंगुर्ल्याला गणपतीत कुणी काम करू देणार नाही, मग ऑक्टोबरचा उन्हाळा. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, तेव्हा आणा, रोज अर्धा तास नव्यावर आणि बाकी जुन्यावर असे सुरू करा. बटणांवर देवनागरी स्टिकर लावायचा मोह टाळा, घामाने ते आठवड्यात सरकतात आणि य च्या जागी च दिसायला लागतो. आल्या दिवशी रिसीव्हरला लाल दोरा बांधा. माझा तिसऱ्या कीबोर्डाचा रिसीव्हर मी ब्लूटूथमुळे कधी वापरत नाही, पण तो सासूबाईंच्या कुंकवाच्या करंड्यात आहे. घरात ती एकच वस्तू अशी आहे की जिच्यावर कुणी केरसुणी फिरवत नाही.